आमच्या मुलांचा समुद्र निळा नाही, मग रंगवायचा कसा?

दांडियाबाजारकर
मी बडोद्यात चित्रकला शिकवते. जंबुसर तालुक्यात, कावी-कंबोईच्या बाजूला एका शाळेत अधूनमधून वर्ग घ्यायला जाते. तिथल्या विज्ञानाच्या सरांबरोबर समुद्रावर काहीतरी करायचं ठरतंय. परवा 'समुद्र काढा' म्हटलं, तर सगळ्यांनी निळं पाणी, डॉल्फिन आणि नारळाची झाडं काढली. बाप रोज गुडघाभर चिखलातून जाळी लावायला जातात, ती मुलं ही! खंभातच्या आखाताचं पाणी उकळलेल्या चहाच्या रंगाचं. स्तंभेश्वराचं देऊळ भरतीत बुडतं हे ती जन्मापासून बघतात. का बुडतं विचारलं की, "दरियो अभिषेक करवा आवे." मला ते उत्तर खोडायचं नाही, त्याच्या शेजारी दुसरं ठेवायचंय. 'समुद्र वाचवा'ची पोस्टरं कृपया सुचवू नका.

माती_मास्तर
ताई, चिखलापासूनच सुरुवात करा. मही, नर्मदा, साबरमती, तापी त्या आखातात गाळ ओततात आणि भरती-ओहोटीचा जोर तो बसू देत नाही. दोन बरण्या घ्या, एकीत गोडं पाणी, दुसरीत मिठाचं. दोन्हींत चमचाभर तोच गाळ ढवळून ठेवून द्या. मिठाच्या पाण्यात बारीक कण एकमेकांना चिकटून आधी तळाशी जातात. मात्र गाळ अगोदर दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुवा, नाहीतर त्यातलंच मीठ घोटाळा करेल. मग तो वाळवून, वस्त्रगाळ करून डिंकात घोटा. झाला तुमचा समुद्राचा रंग, फुकट.

रत्नांग्रीवाला
आमच्याकडे भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास भरती. पुनवेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. तुमचं आखात निमुळतं, म्हणून भावनगरला उधाणाचं पाणी १० मीटरच्या वर चढतं, आणि वेळही आमच्या मागून. किती मागून, ते पोरांनाच काढू दे. कागदाची लांब पट्टी घ्या, रोज पाणी कुठवर आलं ते रंगवायचं, वर त्या तिथीचा चंद्र. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, रेघ बसकी, उधाणाला डोंगर. चंद्र आणि पाणी एका कागदावर आले की वेगळं समजवावं लागत नाही.

दांडियाबाजारकर
गाळाचा रंग याच आठवड्यात करते. पट्टी मला फार आवडली, पण सर म्हणतात, रोज किनाऱ्यावर नेणार कोण? सपाट चिखलावर पाणी बघता बघता अंगावर येतं.

रत्नांग्रीवाला
पोरांना नेऊच नका हो. बाप-काका जातातच, त्यांना विचारून वेळ आणि खूण लिहून आणायची. पहाटेच्या भरतीला तुम्ही थोड्याच उठणार आहात!