गणपतीत गावी जातोय, समुद्र आणि किडे एकाच फोटोत येतील का?

घाटावरचा_पाहुणा:
नमस्कार मंडळी, गणपतीला रत्नागिरीजवळ सासुरवाडीला चाललोय. माझ्याकडे १८-५५ आणि ५५-२५० या दोन झूम लेन्स आहेत, बारीक गोष्टी जवळून मोठ्या टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सचं बजेट नाही आणि आत्ता घरात तो विषय काढायची हिंमतही नाही. आरे-वारेला संध्याकाळी समुद्र आणि सकाळी किडे असा बेत आहे, पण सुटे सुटे फोटो नकोत, पुढे एखादा चतुर नाहीतर नाकतोडा आणि मागे समुद्र असं काहीतरी हवंय. बीचवर किडे मिळतात का? आणि खाऱ्या वाऱ्यात कॅमेरा कसा सांभाळता?

कातळकडा:
बीचवर टायगर बीटल दिसेल पण तो काय उभा राहतोय, तू जवळ गेलास की भुर्रकन उडून पुढे जाऊन बसणार. त्यापेक्षा सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर जा. भाद्रपदात कातळावरची डबकी भरलेली असतात, त्यावर चतुर, टाचण्या (चतुराच्या बारीक बहिणी), बाजूला गेंदाची पांढरी फुलं, सीतेची आसवं (ही वनस्पती स्वतःच बारीक जीव खाते बरं का), आणि कड्याच्या अलीकडे बसलं की खाली समुद्र. पहाटेच जा, किडे गारठलेले असतात आणि पंखांवर दव असतं, शिवाय सूर्य तुझ्या पाठीशी असतो त्यामुळे समुद्राला छान रंग येतो.

५५-२५० ने किडा मोठा येईल पण मागचा समुद्र नुसता निळा धूर. १८ वर जेवढं जवळ जाता येईल तेवढं जा, आणि एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावायची पोकळ नळी) वाइडला लावायच्या भानगडीत पडू नकोस, फोकस पार काचेला टेकतो. खरं सांगू का, असल्या फ्रेमला मोबाइलच बरा, सेन्सर छोटा त्यामुळे किडा आणि क्षितिज दोन्ही बऱ्यापैकी शार्प मिळतं. कॅमेरेवाले चिडतील, चिडूदेत.

आणि गुडघा टेकायच्या आधी जागा नीट बघ, सड्यावर फुरसं (विषारी साप) असतं आणि त्याचा रंग अगदी कातळासारखा.

किडेमुंगी:
कुणीतरी सांगेल की किडा फ्रीजमध्ये ठेवून गार कर म्हणजे हलत नाही, तसलं काही करू नकोस प्लीज. आंब्या-काजूवर ओंबील (लाल मुंग्या) बघ, पानं ओढून शिवतात आणि दोरा म्हणजे त्यांच्याच अळीचं रेशीम. उन्हाकडे तोंड करून घरट्याचा फोटो घे, पानातून उजेड येतो. चावतात मात्र सॉलिड.

उधाणलेला:
सड्याचं ठीक आहे पण समुद्राच्या वेळेचं कुणी बोललंच नाही. आमच्याकडचा जुना हिशोब, तिथीला ३ ने गुणा, ४ ने भागा, ती भरतीची वेळ. म्हणजे चतुर्थीला ३ च्या सुमारास भरती, ९ ला ओहोटी, त्यामुळे सूर्यास्ताला पाणी उतरत असतं आणि ओल्या वाळूवर परत जाणाऱ्या लाटेच्या रेघा मिळतात, शटर अर्धा ते एक सेकंद ठेव. अष्टमीला ६ ला भरती म्हणजे ऐन सूर्यास्ताला पाणी भरलेलं, त्या दिवशी खडकांवर उतरायचंच नाही. अनंत चतुर्दशीला साडेदहाला भरती, म्हणजे संध्याकाळी साडेचार-पाचला पाणी पार आत गेलेलं, खडकातली डबकी उघडी. अंदाज आहे हा, टाइड टेबल बघून घ्याच. पावसाळ्यातल्या लाटेला पाठ दाखवायची नाही.

ट्रायपॉड घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचा, पायांचे सांधे उघडून. लेन्सवर मिठाचा थर बसतो तो कोरड्या कापडाने घासू नका, आधी जरा ओल्या कापडाने टिपा. रात्री डब्यात सिलिका जेल, नाहीतर बुरशी ठरलेली.

घाटावरचा_पाहुणा:
भारीच! तिथीचा हिशोब सासऱ्यांना विचारला तर ते म्हणाले एवढं पण माहीत नाही का. कातळकडा, सीतेची आसवं नक्की कुठल्या सड्यावर?

कातळकडा:
लोकेशन इथे नाही टाकणार, पुढच्या रविवारी गाड्या येऊन फुलांवर पार्क होतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. ब्लू मॉर्मन दिसलं तर फोटो टाक, २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे ते, परसातल्या लिंबाजवळ थांबलास तरी येईल.