नॅट टर्नरचा उठाव कादंबरीकाराने किती बदलावा?

धागाकर्ता: ऑगस्ट १८३१ मध्ये व्हर्जिनियातील साउदॅम्प्टन परगण्यात नॅट टर्नर या गुलाम धर्मोपदेशकाने उठाव केला. त्यात सुमारे ५५ गोरे स्त्री-पुरुष आणि मुले मारली गेली, आणि ११ नोव्हेंबरला टर्नरला फाशी झाली. विल्यम स्टायरन या गोऱ्या लेखकाने १९६७ मध्ये त्याच्यावर कादंबरी लिहिली, ती टर्नरच्याच तोंडून. तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. मात्र १९६८ मध्ये दहा कृष्णवर्णीय लेखकांनी तिच्या विरोधात एक पुस्तकच काढले. मला त्यांचे म्हणणे पटते. टर्नरच्या पत्नीचा उल्लेख १८३१ च्या वृत्तपत्रात आहे, तरी कादंबरीतला टर्नर एकटा आहे आणि मार्गारेट व्हाइटहेड या गोऱ्या मुलीसाठी झुरतो. माणसांच्या खरेदी-विक्रीविरुद्धचा संताप असा अतृप्त वासनेच्या खाती जमा केला, की गुलामगिरीवरचा आरोपच सौम्य होतो.

प्रतिसाद १: असहमत. टर्नरबद्दलची आपली बहुतेक माहिती थॉमस ग्रे या गोऱ्या वकिलाने तुरुंगात नोंदवलेल्या कबुलीजबाबातून येते, आणि त्यानुसार टर्नरने स्वतःच्या हातांनी एकच जीव घेतला, तो मार्गारेटचा. तिचाच का, हा प्रश्न कादंबरीकाराला पडणारच. जेम्स बाल्डविन यांच्यासारखा कृष्णवर्णीय लेखकही स्टायरन यांच्या बाजूने उभा राहिला, हे विसरू नये. शंका आणि विकार काढून टाकले तर उरतो तो पुतळा.

प्रतिसाद २: मराठी वाचकाने यात एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना. ते ऋण योग्यच होते. पण त्या मुक्तीच्या तीस वर्षे आधी गुलाम स्वतः शस्त्र घेऊन उठले होते, हे आपल्याकडे फारसे वाचले जात नाही. त्यामुळे या कादंबरीत गुलामच मालकांच्या बाजूने बंडखोरांवर गोळ्या झाडताना दिसतात, तेव्हा अनभिज्ञ वाचक तोच इतिहास समजतो.

धागाकर्ता: प्रतिसाद १ यांना उत्तर. पुतळा कोणीच मागितलेला नाही. मालकवर्गाला उठावाचे कारण नेमके कळले होते, म्हणून तर व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने गुलामगिरी संपवण्यावर चर्चा केली आणि शेवटी कृष्णवर्णीयांच्या प्रवचनांवरच बंदी घातली. अंतर्विरोध हवा असेल तर तो ग्रे यांच्या नोंदीतच आहे: टर्नर एकदा पळाला आणि तीस दिवसांनी आपणहून परत आला, तेव्हा इतर गुलामांनी त्याला दोष दिला, त्याच्याइतकी बुद्धी आपल्याजवळ असती तर जगातल्या कोणत्याही मालकाची चाकरी केली नसती, असे ते म्हणत. एवढा समर्थ प्रसंग हाती असताना कल्पित आसक्तीची गरज का भासली, याचे उत्तर आपल्या प्रतिसादात मला सापडले नाही.