चर्चा धागा: एअरड्रॉपमधून (वापरणाऱ्यांना फुकट टोकन वाटण्यातून) कुणाला वगळलं, त्याचं कारण क्रिप्टो प्रकल्पांनी सांगायला नको का?

वडगावकर
बेळगावात कॉलेजच्या पोरांच्या खोल्यांवर क्रिप्टो कसं चालतं ते आधी सांगतो. चार-पाच जणांत एकाचंच एक्सचेंजवर केवायसी झालेलं असतं. तोच इथर (इथेरियमचं चलन) घेतो, बाकीच्यांच्या वॉलेटमध्ये गॅसपुरतं, म्हणजे व्यवहाराच्या शुल्कापुरतं, पाठवतो, हिशेब यूपीआयवर मिटतो. पुढं ज्याचं त्यानं वापरायचं. पण साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनच्या जाहीर नोंदींत, दिसतं ते असं: एकाच वॉलेटमधून एकाच रात्री भरलेली पाच वॉलेटं. एअरड्रॉपसाठी तपासणारे म्हणतात हा सिबिल, म्हणजे जास्त वाटे उचलायला एकाच माणसानं उघडलेली अनेक खाती. पाचही जण बाद.

टोकनांची अदलाबदल करणाऱ्या युनिस्वॅपनं २०२० मध्ये सरळ नियम लावला होता. १ सप्टेंबरपूर्वी एकदा जरी वापरलं असेल तर त्यांची ४०० यूएनआय टोकनं. फसलेला व्यवहारसुद्धा धरला. आधी कुणाला कल्पना नव्हती, त्यामुळं वाटा खरोखर वापरणाऱ्यांकडे गेला. वापराचं बक्षीस मिळतं हे कळल्यावर फार्मिंग, म्हणजे नुसत्या वाट्यासाठी वापर दाखवणं, सुरू झालं, हे मला मान्य आहे. पण त्यानंतर आलेल्या संशयाचा मार कमी पैसेवाल्यांना बसतोय. वगळा, पण कारण दाखवा आणि दाद मागायला मुदत द्या.

निपाणी_नोड
साफ असहमत. मुदत दिली की पहिल्या रांगेत फार्मवालेच उभे राहणार, कारण त्यांच्याकडे वेळ आहे आणि स्क्रिप्ट आहेत. खोलीवरच्या पाच पोरांचं म्हणाल, तर इथेरियमवरच्या आर्बिट्रम नेटवर्कचं २०२३ चं वाटप बघा. त्यांनी २० हून जास्त पत्त्यांचे गट शोधले होते. शिवाय गुण होते: वेगवेगळ्या महिन्यांत वापर, वेगवेगळे करार (साखळीवरचे प्रोग्राम), व्यवहाराची रक्कम. सगळे व्यवहार ४८ तासांत उरकले असतील तर एक गुण वजा. किमान ३ गुण लागायचे. जो खरंच वापरतो त्याला ते जड नव्हतं.

वडगावकर
आर्बिट्रमचं मीही चांगलंच म्हणतो, कारण निकष छापलेले होते. वेगवेगळ्या साखळ्या जोडणाऱ्या लेयरझीरोच्या २०२४ च्या वाटपाचं काय? तिथं सांगितलं, स्वतःहून सिबिल असल्याचं कबूल करा, ठरलेल्या वाट्यातले १५ टक्के घ्या, नाहीतर पुढं सापडलात तर शून्य. ज्यानं काही केलंच नाही त्यानं काय कबूल करायचं? भीतीपोटी खोटी कबुली देणं किंवा गप्प बसून वाट बघणं, एवढंच त्याच्या हातात उरतं. शोधून देणाऱ्यांना वर बक्षीस. बक्षिसासाठी बोट दाखवणारा चुकला तर ज्याच्याकडे बोट दाखवलं त्याचाच वाटा जातो.

खानापूरची_लेक
कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचं बघा की. रेशनकार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला महिन्याला २,००० रुपये. कार्ड म्हणजे एक घर असं सरकारनं धरलं. आत तीन चुली वेगळ्या असल्या तरी कार्ड एक तर पैसे एकीलाच. माप चुकीचं असलं तरी ते माप काय आहे हे प्रत्येक बाईला माहीत आहे, आणि कचेरीत जाऊन भांडता येतं. वॉलेटवाल्यानं कुठं जायचं?

निपाणी_नोड
ताई, तो कराचा पैसा आहे, त्यावर हक्क सांगता येतो. टोकन प्रकल्पाचं. ते कुणाला द्यायचं हे त्यांनी ठरवायचं.

वडगावकर
इथंच माझा खरा विरोध आहे. यूएनआय असो की आर्बिट्रमचं एआरबी, टोकनाबरोबर मत येतं. खजिना कुठं खर्च करायचा ते त्या मतावर ठरतं. वाटप म्हणजे मतदारयादीच झाली, आणि यादीतून नाव काढलं तर का काढलं हे विचारायचा हक्क असतो.

कॅम्पवाला
तुम्ही दोघं माणसं मोजण्यात अडकलाय. मोजूच नका. रक्कम किती आणि किती दिवस ठेवली तेवढं बघा. एक लाख रुपये शंभर वॉलेटांत वाटले तरी एकूण वाटा तेवढाच येणार, मग सिबिलचा प्रश्नच मिटतो. २०२४ मध्ये झेडकेसिंक नेटवर्कनं वेळ आणि शिल्लक यांचा गुणाकार धरला होता. दिशा बरोबर होती.

वडगावकर
मिटतो, पण मग ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच अजून मिळतं. स्टार्कनेट नेटवर्कनं २०२४ च्या वाटपात स्नॅपशॉटच्या, म्हणजे पात्रतेसाठी नोंदी टिपल्या त्या, दिवशी वॉलेटमध्ये ०.००५ इथर असण्याची अट ठेवली. वर्षभर वापरून त्या दिवशी शिल्लक काढून घेतलेली माणसं बाहेर राहिली. गरजवंत माणूस वॉलेटमध्ये पैसे पाडून ठेवत नाही. त्याला मेसचे पैसे भरायचे असतात.

तिसरं_गेट
मिळालेलं टोकन विकून फायदा झाला तर त्यावर ३० टक्के कर आहे, वर सेस, आणि एकातला तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही. पोरांनो, वही ठेवा.

निपाणी_नोड
वडगावकर, मतदारयादीचा मुद्दा मला पटला. गटांचा निकष छापावा, हेही मान्य. पण स्नॅपशॉट झाल्यावरच. आधी छापला तर २० च्या जागी १९-१९ चे गट करून बसतील.

वडगावकर
स्नॅपशॉटनंतर चालेल. पण क्लेम (टोकन उचलायची सोय) उघडण्याआधी पंधरा दिवस तरी पाहिजेत, आणि वगळलेल्या प्रत्येक पत्त्यापुढं कारण.

निपाणी_नोड
पत्ते लाखांत असतात. पंधरा दिवसांत ते अर्ज वाचणार कोण, आणि वाचणाऱ्याला पैसे कुठून देणार? ते सांगा, मग पुढं बोलू.