फू मी आणि लाएम चाबांगला खासगी गाडी घ्यावी का?

प्रश्न: सिंगापूरहून क्रूझ आहे. आम्ही सहाजण, सासूबाई व्हीलचेअरवर. जहाज हो ची मिन्ह शहरासाठी फू मी बंदरात आणि बँकॉकसाठी लाएम चाबांग बंदरात लागतं. तिथून शहरात जायला गाडी आधीच ठरवू का?

उत्तर: ठरवाच. सहाजणांत व्हॅन परवडते, सासूबाईंच्या कलाने थांबता येतं. पण दोन्ही बंदरांहून शहर साधारण २ तासांवर, तेही एका बाजूने! उशीर झाला तर जहाज स्वतःच्या सहलीसाठी थांबतं, तुमच्या व्हॅनसाठी नाही. सुटण्याआधी दोन तास तरी धक्क्यावर हवं. आणि जहाजाने बंदर गाळलं तर पैसे परत, हे लेखी घ्या.

दुसरं उत्तर: बँकॉकचा हट्ट कशाला? लाएम चाबांगहून पट्टाया अर्ध्या-पाऊण तासावर आहे.

प्रश्नकर्ती: हे नवऱ्याला सांगून बघते. त्याला बँकॉकचा ग्रँड पॅलेसच हवाय!