मदत हवी आहे: टर्बो पेट्रोल गाडीचं कुलंट टेम्परेचर वरखाली होतंय, कन्नड घाटात १०८ पर्यंत जातं

धरणगावकर

राम राम मंडळी,

गाडी १.२ टर्बो पेट्रोल, तीन सिलेंडर, मॅन्युअल, वॉरंटी संपलेली. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, टाकलं की निम्मा धागा 'ही घेतलीच कशाला' यावर जातो आणि आपला प्रश्न राहतो बाजूला.

तक्रार अशी की कुलंटचं (इंजिन थंड ठेवणारं पाणी) टेम्परेचर एका जागी थांबत नाही. मीटरचा काटा बघाल तर मधोमध, ढिम्म हलत नाही. पण त्या काट्यावर माझा विश्वास नाही, आजकाल बऱ्याच गाड्यांत तो ८० च्या आसपास मधे येतो आणि १०५ होईस्तोवर तिथंच उभा ठेवतात, गिऱ्हाईक घाबरायला नको म्हणून. मी ओबीडीचं (गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला लागणारं) ब्लूटूथ डोंगल लावून मोबाईलवर खरा आकडा बघतो, सगळी गंमत तिथं दिसते.

धरणगाव-जळगाव माझं रोजचं जाणंयेणं. ८० च्या स्पीडला आधी ९० ते ९३ असायचं, एकदम स्थिर. आता त्याच रस्त्याला ८६ वरून चढत चढत ९९ आणि मग अर्ध्या मिनिटात धपकन ८५, परत चढायला सुरुवात. रस्ता सपाट, स्पीड तोच, एसी तोच. जळगावात अजिंठा चौफुलीला अडकलो की ९८ ला फॅन लागतो आणि ९३ ला बंद होतो, ते मला नॉर्मल वाटतं, फॅनचा आवाज बाहेर चांगला येतो.

खरी भीती घाटाची. सासरी संभाजीनगरला जायचं तर चाळीसगाववरून कन्नड घाट लागतो. चार माणसं, डिकी भरलेली, त्यात सासूबाईंसाठी केळीचा घड, एसी चालू, बाहेर ४२-४३. जड गाड्यांना बंदी झाल्यापासून घाट तसा मोकळा असतो म्हणून मी तिसऱ्या गिअरमधे आरामात चढवतो. पायथ्याला ९४, अर्ध्यात १०४, वर पोचेपर्यंत १०८. तिथं एसी बंद करून हीटर फुल्ल केला, तो इंजिनची उष्णता ओढून घेतो म्हणून (घरच्यांनी मला काय काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही) तर आकडा खाली आला. पण एक विचित्र गोष्ट, हीटरची हवा कडक गरम येता येता मधेच थोडा वेळ गार आली आणि परत गरम झाली. उताराला लागलो की सरळ ८६.

मागची हिस्टरी सांगतो. घाटात थोडं जास्त गरम होणं दिवाळीनंतर हळूहळू सुरू झालं, तेव्हा १०१-१०२ जायचं. सपाट रस्त्यावरचं वरखाली मात्र अलीकडचं. मध्यंतरी पारोळ्याच्या अलीकडे खालचा होज पाइप फुटला, रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने पाइप बदलून दिला आणि कुलंट नव्हतं म्हणून बोअरचं पाणी भरून दिलं. त्यानंतर हे चालू झालं. कुलंटच्या बाटलीतली लेव्हल किंचित कमी होते पण खाली थेंब कुठंच दिसत नाही. ऑइलवर फेस नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही.

आता मिस्त्री लोकांची मतं. एक म्हणतो थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून फेका, आपल्या खान्देशात लागतच नाही, तो थंड मुलखासाठी असतो. दुसरा म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं, हेड उतरवावं लागेल, आणि त्याने पाहिलं काय तर फक्त मोबाईलवरचा आकडा. तिसरा म्हणतो टर्बो गाड्या अशाच असतात, डोंगल काढून ठेवा म्हणजे टेन्शन जाईल.

थर्मोस्टॅट काढायची माझी तयारी नाही. इंजिन थंडच राहिलं तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडत राहणार, ऑइल नीट तापणार नाही, त्यात पेट्रोल-पाणी साचून राहणार, आणि टर्बोचं बेअरिंग त्याच ऑइलवर फिरतं. शिवाय बऱ्याच इंजिनात तो काढला की बायपासची वाट उघडीच राहते, पाणी रेडिएटरकडे न जाता गोल फिरत बसतं आणि घाटात उलट जास्त हीट होते. त्यामुळे तो सल्ला कृपया देऊ नका.

मला हे हवंय की आधी काय तपासायचं, नंतर काय, म्हणजे अंदाजाने एकेक पार्ट बदलत बसायला नको. आणि हे दिसतंय त्यातलं नॉर्मल किती?

भुसावळचा ऊन

भो, आमच्याकडे ४५-४६ ला माणसंच १०८ वर जातात, गाडीचं काय घेऊन बसलास 😀 बाकी मस्करी सोड, झाकण बघितलं का? बाटलीचं प्रेशरवालं झाकण. त्याच्यावर १.१ किंवा १.४ बार असं लिहिलेलं असतं. रबर कडक झालं की प्रेशर धरत नाही, पाणी आतल्या आत लवकर उकळायला लागतं आणि वाफेचे गोळे फिरतात. स्वस्तातलं काम आहे, पहिलं ते कर. आणि गरम असताना उघडू नको बाबा, माझ्या शेजाऱ्याचा हात भाजलेला मी बघितलाय.

जुना फिटर, धुळे

धरणगावकर भाऊ, तुम्ही हिस्टरी नीट लिहिली म्हणून उत्तर द्यायला बरं वाटतंय, नायतर लोक 'गाडी गरम होते काय करू' एवढंच लिहितात.

माझ्या मते तुमचे दोन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही (आणि तिन्ही मिस्त्री) ते एकच समजून बघताय. दिवाळीपासून घाटात हळूहळू वाढत गेलं तो एक. पाइप बदलल्यावर सपाट रस्त्यावर वरखाली सुरू झालं तो दुसरा. दोन्ही एकाच आकड्यात मिसळलेत.

दुसऱ्याचं आधी सांगतो कारण तो सोपा आहे. करवतीच्या दात्यांसारखं चढणं आणि धपकन पडणं, त्यात हीटर मधेच गार, ही हवा अडकल्याची खूण आहे. नुसतं वरून पाणी ओतलं की टर्बो इंजिनात हवा हमखास राहते, कारण टर्बोच्या बॉडीला पाण्याच्या बारीक नळ्या जातात, हीटरची जाळी वेगळी, वाटा जास्त. हवेचा गोळा थर्मोस्टॅटपाशी आला की त्याला गरम पाणी लागतच नाही, तो उघडायला उशीर करतो, मग एकदम उघडतो आणि रेडिएटरमधलं गार पाणी लोटून येतं. बोअरचं पाणी तर काढाच. आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड, क्षार धरतं आणि पहिल्यांदा त्या बारीक नळ्याच भरतात. सगळं ड्रेन करा, डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मग कंपनीच्या मॅन्युअलमधे लिहिलंय तेच कुलंट निम्मं आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं. रंग बघून कुलंट घेऊ नका, लाल-हिरव्याला काही नियम नाही, दोन जातीची मिसळली तर चिकट गाळ होतो. भरताना ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) असेल तर तो उघडून बुडबुडे थांबेपर्यंत भरायचं, हीटर फुल्ल गरमवर, गाडीचं तोंड चढाला. गार झाल्यावर लेव्हल परत बघायची. तुमची लेव्हल किंचित उतरतेय त्यात हवा बाहेर पडण्याचा पण वाटा असू शकतो.

एक ध्यानात ठेवा, हवा किंवा वाफ सेन्सरपाशी असली तर आकडा खरा नसतो, कमी पण दाखवतो. म्हणून पाणी कमी असताना ९० बघून निवांत राहायचं नाही. आणि आकडा क्षणात ९२ वरून ६० आणि परत ९२ असा उडाला तर ते पाणी नाही, वायरिंग किंवा सेन्सर. एवढं पाणी एवढ्या पटकन गार होऊच शकत नाही. तुमचं तसं नाही.

थर्मोस्टॅटबद्दल तुमचं बरोबर आहे, काढू नका, पण तपासा. पातेल्यात पाणी, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगून, सोबत थर्मामीटर. त्याच्यावर आकडा कोरलेला असतो, त्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि पुढच्या दहा-पंधरा डिग्रीत पूर्ण. अडखळत उघडला तर नवीन टाका. मात्र त्याच्या हाउसिंगला वायरचं सॉकेट आहे का बघा. काही टर्बो इंजिनात ईसीयू थर्मोस्टॅटला आतून वीज देऊन गरम करतो, निवांत चालवताना मुद्दाम १०० च्या पुढे ठेवतो आणि जोर लागला की लवकर उघडून खाली आणतो. अशी गाडी असेल तर थोडं वरखाली होणं डिझाइनमधेच आहे. पण तुमच्याकडे उलटं आहे, जोर लागला की वाढतंय, म्हणून मला वाटत नाही.

आता घाटाचं. थांबल्यावर गरम होत असेल तर फॅन, पण तुमचा फॅन चांगला चालतोय. फक्त जोर लागल्यावर हळूहळू वाढतं म्हणजे उष्णता तयार होतेय तेवढी बाहेर जात नाही. रेडिएटर आतून चोंदलेला, बाहेरून चोंदलेला, नायतर वॉटर पंपाचा (कुलंट फिरवणारा पंप) आतला पंखा झिजलेला. बऱ्याच टर्बो गाड्यांत पुढं इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी), मग एसीचा कंडेन्सर (एसीची जाळी), त्याच्या मागं रेडिएटर अशी रांग असते. समोरून स्वच्छ दिसतं, कचरा अडकतो मधल्या फटीत. धरणगावला कापसाच्या जिनिंग किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. दिवाळीपासून सुटा कापूस भरलेल्या ट्रॅक्टरांच्या मागं तुम्ही रोज चालताय ना?

हेड गॅस्केट शेवटी. नुसता आकडा बघून हेड उतरवायला सांगणाऱ्याकडे गाडी ठेवू नका.

कोंडाईबारी रोजचा

साक्री-नवापूर माझं कायम असतं म्हणून गिअरचं सांगतो. टर्बोला खालीच टॉर्क मिळतो म्हणून आपण तिसऱ्यातच दाबून चढवतो, १६००-१७०० आरपीएम, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) पूर्ण. उष्णता भरपूर आणि वॉटर पंप मात्र हळू फिरतोय, कारण तो बेल्टवर, इंजिनच्या स्पीडने. दुसरा टाका, २८००-३००० ठेवा, पाय हलका. आवाज येईल पण पाणी फिरेल. आणि वर पोचल्यावर लगेच चावी बंद करून चहाला जाऊ नका, मिनिट-दोन मिनिट चालू ठेवा, नायतर टर्बोत अडकलेली उष्णता तिथल्या ऑइल-पाण्याला उकळवते.

मुक्ताईनगरी

स्टॉप लीक पावडर टाकून बघा ना, लेव्हल उतरायची थांबेल.

जुना फिटर, धुळे

नका हो. ज्या नळ्या वाचवायच्यात त्याच बुजतील.

धरणगावकर

सगळ्यांचे आभार. फिटर दादांनी सांगितलेल्या क्रमाने गेलो.

बंपर खोलून कंडेन्सर पुढं सरकवला आणि मिस्त्री पण बघतच राहिला. मधे कापसाच्या तंतूंची अख्खी गोधडी, त्यात धूळ, किडे, आणि खालचा एक तृतीयांश रेडिएटर तर दिसतच नव्हता. प्रेशर वॉशर लावू दिला नाही, जाळी वाकते, साध्या पाइपने इंजिनच्या बाजूने पुढं धुतलं. थर्मोस्टॅटला सॉकेट नाहीये. पातेल्यात बरोबर वेळेवर उघडला म्हणून तोच परत बसवला, फक्त रबर रिंग नवीन. झाकणाचं रबर कडक होतं, झाकण बदललं. डिस्टिल्ड वॉटरने धुताना निघालेलं पाणी गढूळ पिवळं होतं. मग नवीन कुलंट आणि नीट ब्लीडिंग, बराच वेळ बुडबुडे येत होते.

आता सपाटला ९० ते ९३, एसी लावून पण. हीटर एकसारखा गरम. कन्नड घाट दुसऱ्या गिअरमधे चढवला, तेवढीच माणसं, एसी चालू, ऊन तसंच, जास्तीत जास्त ९९. म्हणजे दोन आजार होते हे पटलं.

पण लेव्हल अजून किंचित उतरतेय. आधीपेक्षा कमी, तरी उतरतेय. सकाळी गार इंजिन चालू केल्या केल्या वरचा पाइप दाबून बघितला, मऊच असतो. बाटलीत बुडबुडे नाहीत.

जुना फिटर, धुळे

पाइप मऊ आहे हे चांगलं लक्षण. गॅस्केट मोठं गेलं असतं तर गार इंजिनलाच तो बहुतेक लगेच कडक झाला असता. तरी खात्री करायची तर दोन कामं करा. प्रेशर पंप लावून गार इंजिनवर झाकणावरच्या आकड्याएवढं प्रेशर द्या, रात्रभर ठेवा, सकाळी टर्बोच्या नळ्यांचे जॉइंट आणि वॉटर पंपाचं बारीक भोक (आतलं सील गळलं की पाणी तिथून येतं) टॉर्चने बघा. चालत्या गाडीत तिथला थेंब गरम पत्र्यावर सुकून जातो, खाली पडतच नाही, फक्त पांढरा-गुलाबी डाग राहतो. तिथं काही नाही निघालं तर ब्लॉक टेस्ट, ते निळं लिक्विड असतं, बाटलीतल्या हवेत एक्झॉस्टचा गॅस असला की पिवळं होतं. ही टेस्ट घाट चढून आल्यावर करा. टर्बोत बारीक लीक असला तर बूस्टच्या जोरावरच गॅस पाण्यात घुसतो, जागेवर आयडलला काहीच दिसत नाही आणि मिस्त्री 'ओके आहे' म्हणून सोडून देतो.

धरणगावकर

टर्बोच्या खालच्या नळीच्या क्लिपपाशी गुलाबी डाग आहे, आत्ताच टॉर्च मारून बघितलं. फोटो काढला पण हात पोचत नाही म्हणून नीट आला नाही. ती स्प्रिंगची क्लिप आहे, तिथं स्क्रूवाली बसवली तर चालेल का, की त्याच मापाची स्प्रिंगचीच घ्यावी? आणि ते प्रेशर पंपाचं किट जळगावात कोणाकडे भाड्याने मिळत असेल तर सांगा.