मदत हवी आहे: जर्मनीत चौथीतच मुलांची वाटणी होते म्हणे, लेकीला कुठल्या इयत्तेत घालू?

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापूरचे. नवरा शिरोली एमआयडीसीत कास्टिंगच्या डिझाइनमध्ये आहे. त्याला जर्मनीतल्या एका कंपनीनं बोलावलंय. जूनमध्ये तो जाईल, मागोमाग मी आणि पोरं. कंपनीनं दोन ठिकाणं पुढं ठेवलीत: बव्हेरियातलं आउग्सबुर्ग किंवा नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियातलं डॉर्टमुंड. पगार जवळपास सारखाच, तेव्हा पोरांची शाळा बघून ठरवू म्हटलं. आणि तिथंच घोडं अडलंय.

मुलगी तिसरीत आहे, मुलगा आठवीत. दोघंही सेमी-इंग्रजीत. जर्मनच्या नावानं सगळा आनंदच.

वाचून मला कळलं ते असं. तिथं शिक्षण १६ राज्यांच्या हातात आहे, त्यामुळं गाव बदललं की नियम बदलतात. ग्रुंडशूल म्हणजे प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच (बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीपर्यंत). त्यानंतर मुलांच्या वाटा वेगळ्या: गिम्नाझिउममधून आबिटूर (आपल्या बारावीसारखी शेवटची परीक्षा) आणि पुढं विद्यापीठ, रेआलशूलमधून दहावीनंतर बहुतेक डिप्लोमासारखं काहीतरी, आणि हाउप्टशूलमधून कामधंदा. सगळ्यांना एका छपराखाली घेणारी गेझाम्टशूलही काही ठिकाणी असते. गुण १ ते ६, त्यात १ सगळ्यात चांगला. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. सहा मिळाले तर पेढे वाटायचे त्यांचं ठरलंय.

माझी धास्ती एवढीच, की लेक बरोबर वाटणीच्या वर्षात तिथं पोचणार. आपल्याकडं चौथीतलं पोर फार तर स्कॉलरशिपच्या क्लासला जातं. तिथं दहाव्या वर्षी रस्ता ठरतो आणि हिला तर बाईंचं बोलणंही कळणार नाही! चौथीत घालू, की परत तिसरीत बसवू? आणि राज्य कुठलं निवडू?

मुलाचं वेगळंच. आजोबांचं शिवाजी उद्यमनगरात वर्कशॉप आहे आणि हा सुट्टीत तिथंच पडलेला असतो. पण घरात सगळे म्हणतात, आधी त्याची दहावी होऊ दे. तिथं राहून १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी देता येईल का? म्हणजे तिथल्या शाळेत न घालता घरीच अभ्यास, परीक्षेपुरतं कोल्हापूर बोर्डाला यायचं.

अनुभवी लोकांनी स्पष्ट लिहा. वाईट वाटेल म्हणून काही लपवू नका.

आउग्सबुर्गची_सून

ताई, बव्हेरियाचं मी सांगते, कारण माझ्या थोरल्याची चौथी याच वर्षी झाली.

इथं कडक काम आहे. मे महिन्याच्या सुरुवातीला चौथीच्या मुलांना बदलीचं प्रगतिपुस्तक मिळतं. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीनच विषयांची सरासरी काढतात. ती २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझिउम, २.६६ पर्यंत रेआलशूल, बाकीची मिटेलशूलला. हाउप्टशूलचंच इथलं नाव ते. सरासरी हुकली तर त्या शाळेत चाचणीचे वर्ग आणि परीक्षा देता येते. त्यात जर्मन आणि गणितात एकात ३ आणि दुसऱ्यात ४ पडले तरी पास. दोन्हीत ४ पडले तर आईवडिलांनी ठरवायचं.

तुमच्या कामाची गोष्ट पुढं आहे. ज्या मुलांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी पहिलीपासून इथल्या शाळेत नव्हती, त्यांना ३.३३ पर्यंतही गिम्नाझिउमसाठी योग्य ठरवता येतं. अट एवढीच, की गुण जर्मन कच्चं असल्यामुळं कमी पडलेत आणि ती कमतरता भरून निघेल असं शाळेला वाटलं पाहिजे. आमच्याकडं हे कुणी आपणहून सांगितलं नाही, मी विचारलं तेव्हा कळलं.

तरी मी म्हणेन, मुख्याध्यापकांशी बोलून तिसरीत घाला. सप्टेंबरला शाळा सुरू होते, चौथीत घातलंत तर मेपर्यंत हातात आठ महिने. तेवढ्यात भाषा येते, पण गणितातली शाब्दिक उदाहरणं सोडवण्याइतकी नाही. आपली मुलं गणितात नाही, त्या वाक्यांत अडकतात. इथं एक वर्ष मागं बसण्याला कुणी नावं ठेवत नाही.

आणि रस्ता ठरतो म्हणालात ते अर्धंच खरं. रेआलशूलची दहावी चांगली झाली की फाखओबरशूलला, म्हणजे दहावीनंतरच्या व्यवसायाकडं कल असलेल्या शाळेत जाता येतं. तिथं बारावीनंतर उपयोजित विद्यापीठाचा दरवाजा उघडतो, तेरावी केली तर आबिटूरच्या तोडीचं होतं. वळसा पडतो खरा.

ऱ्हूरमधला_गडी

वहिनी, डॉर्टमुंडकडची बाजू मी मांडतो.

इथं चौथीच्या जानेवारी अखेर सहामाही निकालासोबत शाळा शिफारस देते. म्हणजे बव्हेरियापेक्षाही आधी. पण ती बंधनकारक नाही, शेवटचा शब्द पालकांचा. हे ऐकून लगेच गिम्नाझिउमचा फॉर्म भरू नका. पाचवी-सहावी इथं पारखण्याची वर्षं धरतात. सहावी संपताना मुलाला झेपत नाही असं शाळेला वाटलं तर त्याला दुसरीकडं पाठवतात, आणि ते चौथीतल्या निर्णयापेक्षा जास्त लागतं मनाला. गेझाम्टशूल या राज्यात भरपूर आहेत. त्यात पाचवीला काहीच ठरवावं लागत नाही, आबिटूरही तिथंच करता येतं. माझं मत विचाराल तर लेकीसाठी डॉर्टमुंड आणि गेझाम्टशूल.

आता मुलाचं. १७ नंबरचा विचार आजच सोडा. इथं घरी शिकवायला परवानगी नाही, शाळेत जाणं हे कायद्यानं बंधन आहे, नाहीतर पालकांना दंड. कोल्हापूरच्या माणसाला याचं नवल वाटू नये, शाहू महाराजांनी १९१७ साली हेच केलं होतं. पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड. इथं पूर्णवेळ शाळा दहा वर्षं, पुढं वयाच्या अठरापर्यंत निदान व्यवसाय शाळेचं तरी बंधन.

नवख्या मुलांना सुरुवातीला जर्मनचे वेगळे तास असतात, साधारण दोन वर्षांपर्यंत. बाकीचे काही तास नेहमीच्या वर्गात. चौदाव्या वर्षी आलेल्या पोराला हे जड जातं, पण दहावी उरकून सोळाव्या वर्षी आणलंत तर त्याहून जड. नुसती बारावी करून आला तरी इथल्या विद्यापीठात थेट घेत नाहीत. भारतात पदवीचं एक वर्ष तरी पास हवं, नाहीतर जेईई अ‍ॅडव्हान्स्ड. तेव्हा अर्धं तिकडं अर्धं इकडं करू नका.

आजोबांना मात्र सांगा, तुमचा नातू योग्य देशात चाललाय. इथं फाउंड्रीत किंवा मशीनशॉपला साडेतीन वर्षांची आउसबिल्डुंग असते. आठवड्यातले काही दिवस कारखान्यात, काही दिवस व्यवसाय शाळेत, आणि पहिल्या महिन्यापासून पगार. पुढं माइस्टरची, म्हणजे उस्ताद कारागिराची परीक्षा दिली की इंजिनिअरिंगलाही जाता येतं. आपल्याकडं आयटीआय म्हटलं की नातेवाईक आवाज खाली करतात. इथं माझ्या शेजाऱ्याचा मुलगा आबिटूर करून लेथवर उभा आहे, आणि बाप मिरवतो.

धागाकर्ती

दोघांचे आभार. १७ नंबर बाद. नवऱ्याचा कल आता डॉर्टमुंडकडं आहे. आजोबांना शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला, त्यांनी परत वाचायला लावला.

अजून एक. इथून कुठले कागद न्यायचे? आणि मार्च ते जून एवढ्या वेळात भाषेचं काय करू?

आउग्सबुर्गची_सून

शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, दोघांची गेल्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, आणि लसीकरणाची नोंद. गोवरच्या लसीचा पुरावा इथं शाळेत मागतातच, २०२० पासून कायदाच आहे. मराठीतले कागद असतील तर शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मनमध्ये करून घ्या. इंग्रजी असेल तर काही शाळा चालवून घेतात, पण विचारून घ्या.

भाषेसाठी पुण्याच्या माक्स म्युलर भवनचे ऑनलाइन वर्ग बघा, पण ते तुम्ही स्वतः करा. पालकसभा जर्मनमध्येच असते. लेक तिथं तीन महिन्यांत बोलायला लागेल, शाळेच्या चिठ्ठ्या मात्र तुम्हालाच वाचायच्यात.