करिअर मार्गदर्शनात पोरांची बलस्थानं शोधणं खेड्यात कामाचं आहे का?

दिग्रसकडचा मास्तर :
दर रविवारी गावच्या अभ्यासिकेत मी पोरापोरींशी करिअरबद्दल बोलतो. "कुठं कमी पडतो?" हे विचारणं सोडलं. आता विचारतो, "कोणतं काम करताना जेवायचंही ध्यानात राहत नाही?" मार्टिन सेलिगमन १९९८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष होते. माणसाच्या दुखण्यासारखाच त्याच्या बळाचाही अभ्यास करा, हा त्यांचा आग्रह. त्यालाच सकारात्मक मानसशास्त्र म्हणतात. २००४ मध्ये त्यांनी आणि मानसशास्त्रज्ञ पीटरसन यांनी माणसाच्या स्वभावातली २४ बलस्थानं मांडली.

दोन वर्षं पोलीस भरतीमागे धावलेला एक पोरगा म्हणाला, "सर, फवारणीच्या दिवसांत गावातले बॅटरी पंप माह्याकडंच येतात." पंप उघडला की तो आधी वास घेतो. जळका आला तर मोटर, नाहीतर चार्जिंगची वायर. आज आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतो आहे.

शेतकऱ्याची लेक, यवतमाळ :
मास्तर, मले हे पटत नाही. माह्या भावानं तीनदा भरती दिली. मैदानी ५० गुण, लेखी १००. शेवटच्या वेळी दोन गुणांनी राहिला. मग तालुक्याच्या एका शिबिरात त्याले सांगितलं, रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहा. त्या साली सोयाबीन पिवळं पडून गेलं होतं. त्यानं वही उघडली, '१' लिहिलं अन् तसाच बसून राहिला. जागा निघत नाहीत, मालाले भाव नाही, अन् दोष पोराच्या विचारांचा? तुमचा पंपवाला निभावला, कारण गावापासून आयटीआयपर्यंत एसटी जात असंल.

वणीचा भाऊ :
ताई, शिबिरवाल्यांचं चुकलंच. पण तेवढ्यावरून सारं शास्त्र टाकून देऊ नका. मानसशास्त्रज्ञ स्नायडर यांच्या मांडणीत आशा म्हणजे दोन गोष्टी : जायची जिद्द अन् जायच्या वाटा. नुसती जिद्द चढवली अन् वाट दाखवली नाही, तर पोरगा तिथंच फिरत राहते. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएले ओटिंगेन यांच्या प्रयोगांत तर नुसती गोड स्वप्नं रंगवणाऱ्यांचे प्रयत्न कमी पडलेले दिसले. स्वप्नाच्या बाजूलाच अडथळा मांडावा लागते.

दिग्रसकडचा मास्तर :
एसटीचं खरं आहे, ताई. ती सकाळी सातला फाट्यावर येते. आतल्या गावच्या दोन पोरी त्यापायीच राहिल्या. ते मी आधी लिहायला हवं होतं.

शेतकऱ्याची लेक, यवतमाळ :
मास्तर, माहा भाऊ तुमच्याकडं आला, तर आधी त्याले त्या दोन गुणांबद्दल बोलू द्याल काय?

दिग्रसकडचा मास्तर :
हो. रविवारी पाठवा. वही आणू नको म्हणा.